डाव्या हाताची होडी

"लांब बघू नको गो पेमा. माझ्याकडं बघ. मी हाय ना."

हा आवाज प्रेमलाच्या कानात शिरला तेव्हा ती जेमतेम परकर सांभाळण्याच्या वयाची होती. भाट्याच्या खाडीवर अजून पूल व्हायचा होता आणि अल्याडपल्याडचं सगळं येणंजाणं भागोजीच्या तरीवर चाले. तर म्हणजे एक थोरली होडी. माणसं, कोंबड्या, आंब्याच्या करंड्या, सगळ्यांना तीच एक वाट. भागोजी दिलदार माणूस. पोरासोरांना तो तरीच्या मागे दोर सोडून द्यायचा आणि दोर धरून पोरं पोहायला शिकायची. एकदा भर मधोमध प्रेमलाच्या हातून तो दोर निसटला. समोर मांडवीचा किनारा, आणि तो आहे तिथून पुढेपुढेच सरकतोय असं तिला वाटलं. तोंडात खारं पाणी गेलं. तेवढ्यात तिच्या डाव्या अंगाला होडीच्या काठावरून भागोजीचा पोरगा लवू वाकला आणि हे बोलला. हात दिला नाही, दोर टाकला नाही, नुसता बोलला. ती त्याच्या तोंडाकडे बघत हात मारत राहिली आणि धक्क्याला लागली.

त्या दिवसापासून पाण्यातला तिचा प्रत्येक श्वास डावीकडेच वळला.

पुढे पूल झाला, तरीचा धंदा बसला, भागोजीही गेला. लवूने थोरली तर मोडून धाकटी होडी केली आणि तो जाळं टाकून पोट भरू लागला. प्रेमला शिकली, शाळेत खेळाची बाई झाली. पण पाणी काही सुटलं नाही. तिच्या आईने, सीताने, एकच अट घातली होती: खाडी एकटीने ओलांडायची नाही, होडी सोबत हवी. मग ज्या ज्या दिवशी सकाळी ओहोटी असे, त्या त्या दिवशी लवू तिला होडीतून भाट्याच्या सुरूबनापाशी नेऊन सोडी, आणि ती पोहत मांडवीला परत येई. ती उजवीकडे, खाडीच्या वरच्या अंगाला, राजिवड्याच्या घरांवर नेम धरी. ओहोटीचं पाणी तिला समुद्राकडे ढकलत नेई आणि ती बरोबर मांडवीच्या धक्क्याला लागे. समुद्राच्या बाजूने, तिच्या डाव्या हाताला, लवूची होडी. डावीकडे श्वास, उजवीकडे नेम. अशी कितीतरी वर्षं गेली.

त्या वर्षांत दोघं काय बोलली असतील म्हणाल तर बांगड्याचं, वाऱ्याचं, शाळेतल्या मुलींचं. ती शिक्षिका झाली त्या दिवसापासून लवू तिला 'बाई' म्हणू लागला होता. आधी चेष्टेने, मग सवयीने, मग ते नाव मधे कुंपणासारखं उभंच राहिलं. नाहीतरी दोघांच्या घरांमध्ये खाडीपेक्षा रुंद काहीतरी होतंच. ती बौद्धवाडीतली, तो भंडारी. तिच्या आजाला याच तरीत कडेला, ओल्या जाळ्यांशेजारी बसवत. ती रीत भागोजीनेच पुढे मोडली होती. पण तरीत शेजारी बसणं वेगळं आणि घरात शेजारी बसणं वेगळं, हे मांडवीतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्याआधी मुंबईहून एक गृहस्थ जिल्ह्याच्या पोहण्याच्या स्पर्धेसाठी आले. सकाळी फिरायला धक्क्यावर गेले तर एक बाई समुद्रातून बाहेर आली, तशीच ओल्या केसांनी सायकलवर बसली आणि पावसच्या रस्त्याला लागली. संध्याकाळी तीच बाई आरे-वारेच्या वाळूत शाळेच्या मुलींना मागे टाकून धावताना दिसली. त्यांनी तिला थांबवून सांगितलं की परदेशात याच तिन्ही गोष्टी एका दमात करायची शर्यत असते, ट्रायथलॉन म्हणतात, आणि आता आपल्याकडेही हिवाळ्यात होणार आहे. हिमाचलात उंचावर त्याचं शिबिर आहे, पातळ हवेत सराव केला की खाली आल्यावर छातीत दुप्पट बळ येतं. प्रेमला हसली. ती म्हणाली, आम्ही याला शर्यत म्हणत नाही, कामावर जाणं म्हणतो. पण ते शब्द तिच्या डोक्यातून जाईनात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने शिबिराला जायचं ठरवलं.

जायच्या आदल्या दिवशी लवू होडी उलटी घालून तिला तेल देत बसला होता. मान वर न करता त्याने सांगितलं की मुंबईच्या मामेभावाने एका मालवाहू जहाजावर खलाशाची जागा बघितली आहे, पावसाळ्याच्या तोंडाशी हजर व्हायचं, आणि होडी बाबल्या घेणार आहे. बाबल्या म्हणजे त्याचा चुलतभाऊ. इतकं सांगून लवूचा हात थांबला. फडक्यातून तेल वाळूवर ठिबकत राहिलं. तो काहीतरी ऐकायला थांबला होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

प्रेमला म्हणाली, "बरं झालं."

आणि मग तेल पुन्हा लाकडावर फिरू लागलं.

*

शिबिर देवदारांच्या कुशीत होतं. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, मागे बर्फाचं कपाळ घेऊन बसलेला डोंगर, आणि पुढ्यात एक तळं, इतकं निवांत की त्याला श्वासच नाही असं वाटावं. पहिले काही दिवस प्रेमला नुसती धापाच टाकत होती. जिना चढला की डोकं ठणके, रात्री दचकून जाग येई, कुणीतरी उरावर जातं ठेवल्यासारखं होई. सायकलच्या चढावर बाकीच्या मुली भराभर पुढे जात आणि ही, पावसच्या रस्त्यावरचा गोळपचा चढ रोज चढणारी, रस्त्याकडेच्या दगडावर बसून राही.

हवेला वासच नव्हता. हेच तिला सगळ्यात सोसेना. मांडवीला डोळे मिटून उभं राहिलं तरी कळतं, जाळी वाळत आहेत, की काळी वाळू तापली आहे, की कुणाच्या चुलीवर सुकट भाजली जाते आहे. इथे नाकात फक्त थंडी शिरे.

आईने उकड्या तांदळाची पिशवी बांधून दिली होती. एकदा प्रेमलाने भटारखान्यातल्या माणसाला विनवून पेज ठेवली. पाणी उकळलं, खळखळलं, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा उकळलं. तांदूळ आपला टणक तो टणक. भटारखानेवाला म्हणाला, उंचावर पाणी उकळतं पण तापत नाही, इथे भाताला दाबाचं भांडं लागतं. ती ती कच्ची पेज मिठाशी प्यायली. खाली बसून तिला वाटलं, आपलंही असंच आहे. किती वर्षं खळखळतंय नुसतं, शिजलं काहीच नाही.

तिच्या खाटेशेजारी सांगलीची कमळा होती. कृष्णेच्या डोहात शिकलेली, आडदांड, खुशमिजाज पोरगी. तिने पहिल्याच आठवड्यात प्रेमलाला हेरलं. रात्री पांघरुणात शिरताना तिने विचारलं, "का गं, तुझ्या डाव्या बाजूला कोण बसलंय?"

प्रेमलाने न कळल्यासारखं केलं.

"पाण्यात बघते ना मी. मान वळली की डावीकडेच. चुकून कधी उजवीकडे नाही. सासरच्यांनी सून टाकावी तशी उजवी बाजू टाकलीस तू."

प्रेमला हसण्यावारी नेत म्हणाली की सवय आहे, आमच्याकडे होडी असते त्या बाजूला.

"होडी वल्हवतं कोण?" कमळाने विचारलं, आणि प्रेमलाने पांघरूण तोंडावर ओढून घेतलेलं बघून पाठ वळवली. "असूदे. झोप."

प्रेमलाला झोप आली नाही. आई जात्यावर म्हणायची ती ओवी तिला आठवत राहिली. लहानपणी ती ओवी दळणासारखीच कानावरून गेली होती. आता तिचं पीठ पडू लागलं.

पल्याडच्या गं तीरी, दिवा कुणाचा लुकलुके
होडी लागेना धक्क्याला, माझ्या तोंडचं पाणी सुके

मग पहिली चाचणी आली. तळ्याच्या मधोमध एक नारिंगी पिंप तरंगत ठेवलं होतं. त्याला वळसा घालून यायचं, मग सायकल, मग धावणं. हिवाळ्यातल्या शर्यतीला कोण जाणार ते या चाचण्यांवर ठरणार होतं. प्रेमला सगळ्यांच्या पुढे निघाली. हात लांब पडत होते, अंग हलकं झालं होतं, कितीतरी दिवसांनी ती पाण्यात खुशीत होती. बऱ्याच वेळाने तिने मान वर काढली तर पिंप कुठेच नाही. मागे वळून बघते तर ते लांब डावीकडे राहिलेलं, आणि ती तळ्याच्या भलत्याच अंगाला, जिथे म्हशी पाण्यात बसल्या होत्या तिथे येऊन पोहोचली होती. काठावरून कोच साहेब शिट्टी फुंकत धावत होते. मुली पोट धरून हसत होत्या.

कोच साहेब फौजेतून निवृत्त झालेले पहाडी गृहस्थ, मितभाषी. त्यांनी तिला काठावर बसवून शांतपणे विचारलं की तू निघाली होतीस कुठे. तिने सांगितलं, पिंपाकडेच. मग नेम उजवीकडे का धरलास? ती म्हणाली, पाणी आणून सोडेल म्हणून.

साहेबांना आधी कळेना. मग तिने वाळलेल्या मातीत बोटाने खाडी काढली, ओहोटी काढली, राजिवडा नि मांडवी दाखवली. साहेबांनी त्या रेघांवरून आपलं बोट फिरवलं. मग म्हणाले की बेटी, इथलं पाणी कुणाला कुठे नेत नाही. इथे स्वतःलाच जावं लागतं, आणि जिथे जायचं तिकडेच तोंड करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या पोहण्याच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी लावली. डावीकडे वळलं की अंधार. श्वास घ्यायचा तर उजवीकडे घे, म्हणाले.

ते दिवस तिला फार जड गेले. उजवीकडे तोंड वळवलं की पाणी नाकात शिरे. देवदार दिसत, बर्फ दिसे, रिकामं आभाळ दिसे. डाव्या अंगाला नुसता काळोख आणि त्यात वल्ह्याचा आवाज नाही. पाण्यात रडण्याची एक सोय असते, कुणाला दिसत नाही. तिथेच तिला उमगलं की ती इतकी वर्षं पोहत नव्हती. एका माणसाच्या तोंडाकडे बघत होती आणि हात आपोआप चालत होते. तो माणूस तिने स्वतःच्या तोंडाने, दोन शब्दांत, जहाजावर चढवून दिला होता.

एकदा तिने कमळाला सगळं सांगितलं. ऐकून कमळा म्हणाली, "बरं झालं म्हणालीस? मेले, माणूस तेल गाळत थांबला होता की गं तुझ्यापुढं."

"मी काय म्हणायला हवं होतं?"

"ते मला काय विचारतेस? मी काय त्या होडीत बसलेय होय?"

शेवटच्या चाचणीत प्रेमला सरळ गेली. उजवीकडे श्वास, पिंपावर नेम. वळसा घालून बाहेर आली ती पहिल्या दोघींत. सायकलवर छाती भरून श्वास येत होता. डोंगराने तिला अखेर जवळ केलं होतं. धावण्यात ती मागे पडली पण फारशी नाही. साहेबांनी सांगितलं की तिची निवड झाली आहे, आणि निवडलेल्यांनी अजून महिनाभर राहायचं, शाळेच्या रजेचं मुंबईची माणसं बघतील.

प्रेमलाने हात जोडून सांगितलं की तिला घरी जायला हवं. का, तर तिकडे आता होड्या वर काढतील. पाऊस लागण्याआधी सगळ्या होड्या पाण्यातून ओढून माडांखाली ठेवतात, मग नारळीपौर्णिमेपर्यंत कुणी समुद्रात जात नाही. त्याच्या आत पोहोचायला हवं.

साहेबांनी समजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. स्पष्ट सांगितलं की गेलीस तर तुझी जागा राखून ठेवीन असं वचन देत नाही; इथे राहतील त्यांचा हक्क आधी. ती म्हणाली, कळलं. खोलीत कमळा तिची पिशवी भरून ठेवून बसली होती. उरलेले उकडे तांदूळ तिने काढून घेतले होते, म्हणाली, दाबाच्या भांड्यात शिजवते.

*

कोल्हापूरहून निघालेली एसटी आंबा घाट उतरू लागली तशी प्रेमलाच्या कानांत दडे बसले आणि फटकन सुटले. हवा दाट होत चालली. एकेका वळणाला ती जड, ओली, ओळखीची होत गेली. फणसाचा वास आला, तापलेल्या कातळाचा आला, साखरप्याच्या पुढे कुणीतरी सुकी मच्छी घेऊन चढलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेजारच्या म्हातारीने पदराने नाक झाकत विचारलं, वास सोसत नाही काय गो? प्रेमलाने मान हलवली, सोसतो म्हणाली.

घरी पिशवी टाकून ती तशीच मांडवीला गेली. आईने विचारलं, चाललीस कुठे, तर ती म्हणाली, आलेच.

वारा फिरला होता. दर्या काळसर, फुगलेला. किनाऱ्यावर होड्या ओढण्याचा कल्ला चालू होता. आडव्या ओंडक्यांवरून एकेक होडी 'हो हय्या' करत माडांखाली चढत होती. बहुतेक वर आल्या होत्या. एकच पाण्यात होती.

बाबल्याने तिला बघितलं आणि कपाळाचा घाम निपटत मोठ्याने म्हणाला, "आली काय डोंगरावरची बाई? बघा हो. मी ह्याला चार दिवस सांगतोय, होडी वर घे, दर्या बरा दिसत नाय. तर म्हणतो उद्या घेऊ. माझी होडी ती, पण ठेवलीन पाण्यात."

लवू गुडघाभर पाण्यात उभा होता. वाळला होता जरासा. म्हणाला, "कधी आलात, बाई?"

"आत्ताच. कधी जायचंय तुला?"

"उद्याच्या गाडीनं."

प्रेमला म्हणाली की पाणी ओहोटीला लागलंय, एकदा भाट्याला सोड. बाबल्याने कपाळावर हात मारला, अशा दर्यात कोण पोहतं म्हणाला. पण लवूने वल्हं उचललं सुद्धा.

जाताना होडीत दोघं समोरासमोर बसली होती. त्याने डोंगराचं विचारलं. तिने म्हशींची गोष्ट सांगितली तसा तो वल्हं थांबवून हसला. म्हणाला, राजिवड्यावर नेम धरून म्हशींत गेलात. तीही हसली. सुरूबनापाशी होडी टेकली. जे बोलायचं ते तिथेच बोलता आलं असतं. पण तिचं तोंड उघडलं नाही, वर्षानुवर्षांची सवय. ती पाण्यात उतरली.

आणि पाण्यात एक वेगळंच झालं. तिने ठरवलं नव्हतं. पण डोंगराने अंगात घालून पाठवलेला श्वास आपोआप उजवीकडे वळला. राजिवड्याची कौलं दिसली, पूल दिसला, पुलामागचे डोंगर दिसले. लाटा उंच होत्या तरी छातीत वारा मावत नव्हता इतका होता. ती सपासप निघाली. डाव्या कानाला वल्ह्याचा आवाज येत होता, चुळुक, चुळुक, आणि तेवढ्यावरच तिचं अंग निर्धास्त होतं.

मधोमध आल्यावर तो आवाज थांबला.

चार हात मारल्यावर तिला ते कळलं. तिने मान वर काढली. होडी मागे राहिली होती, आडवी झाली होती, लाटांवर नुसतीच झुलत होती. लवूने वल्ही आत घेतली होती आणि तो हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत होता.

ती मागे फिरून पोहत आली आणि होडीचा काठ धरून लोंबकळली. दोघांनाही ओहोटी समुद्राकडे नेऊ लागली.

"काय झालं? वल्हव ना."

लवू म्हणाला, "एकदाही इकडं बघितलं नाहीस गो पेमा." कितीतरी वर्षांनी त्याने तिला तिच्या नावाने हाक मारली होती, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. "आता तुला होडी नको. बरंच झालं म्हणा. जाताना डोक्याला घोर नाय."

मांडवीचा धक्का हळूहळू उजवीकडे सरकत होता. किनाऱ्यावर बाबल्या हात हलवून काहीतरी ओरडत होता. प्रेमलाने तोंडावरचं खारं पाणी पुसलं. समोर त्याचं तेच तोंड होतं, काठावरून वाकलेलं.

"होडी मला कधीच नको होती," ती म्हणाली. "नोकरीला लागायच्याही आधीपासून मी ही खाडी एकटीनं ओलांडली असती. आईला मी सांगितलं नाही, तुलाही नाही. होडी नसती तर तू दिसला नसतास."

लवू आणखी पुढे वाकला. त्याचा हात तिच्या हाताजवळ काठावर आला होता.

"बोल गो लवकर," तो हळूच म्हणाला. "पाणी बाहेर नेतंय आपल्याला."

"त्या दिवशी तू तेल देत होतास. मी बरं झालं म्हटलं." तिने श्वास घेतला, पूर्वीसारखा, डोंगर विसरून, त्याच्याकडे तोंड करून. "बरं नाही झालं, लवू. जाऊ नको."